पावती तीच, कायदा दुसरा



गेल्या महिन्यात एका पाड्यावर वनहक्क समितीचं काम चाललं होतं. एकेकाचा दावा वाचायचा, पुरावे बघायचे, मग शिवारात जाऊन बांध बघायचा, असं दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली. पदराची गाठ सोडून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतला, घडीवर घडी घातलेला पिवळा कागद काढला. फॉरेस्टने केलेल्या दंडाची पावती. तिच्या नवऱ्याने जंगलात जमीन खणून नागली लावली, म्हणून झालेला दंड. समितीतल्या पोराने कागद उजेडात धरून तारीख वाचली आणि खूश होऊन म्हणाला, "आजी, याच्यासारखा पुरावा नाही! तुझा दावा पक्का."

म्हातारी काही हसली नाही. ती म्हणाली, "या कागदापायी माझा नवरा चार दिवस कोठडीत होता. दंड भरायला आम्ही बैल विकला. तेव्हा हा कागद सांगत होता, तू चोर आहेस. आता तोच कागद सांगतो, जमीन तुझी आहे. कागद तेव्हा खोटं बोलत होता, का आता बोलतो?"

सगळे गप्प झाले. आमच्या कार्यकर्त्यांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, तिचा अंगठा घेतला आणि पुढचा दावा वाचायला घेतला. पण प्रश्न तिथेच राहिला. नंतर बैठकीत आम्ही त्यावर बराच वेळ बोललो आणि ठरवलं, की या वेळचा अग्रलेख म्हातारीच्या प्रश्नावर लिहायचा. त्याच दिवशी त्याच पाड्यावर आणखी एक गोष्ट घडली. तीही सांगायची आहे, पण आधी पावतीचं बघू.

जमीन तीच आहे. बांध तोच, नागली तीच, वरई तीच. खणणारे हातही तेच. मध्ये बदलला तो फक्त कायदा. 1927 च्या वन कायद्याच्या कलम 26 प्रमाणे राखीव जंगलात जमीन फोडणं, गुरं चारणं हा गुन्हा. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी कसत असेल, तर त्याच जमिनीवर त्याचा हक्क. आणि त्या वेळी कसत होता हे दाखवायला एका कायद्याने केलेल्या शिक्षेचा कागद दुसऱ्या कायद्याला चालतो.

म्हणजे पहिली गोष्ट उघड आहे. कायद्यात बसलं म्हणजे ते न्यायाचं झालं, असं नाही. कायद्यात बसलं नाही म्हणजे ते पाप झालं, असंही नाही. म्हातारीच्या नवऱ्याने लेकराबाळांच्या पोटासाठी जमीन कसली. ती कसणं गुन्हा ठरत होतं तेव्हाही चूक नव्हतं.

मग तो जुना कायदा आला कुठून? तो काही देवाने लिहिला नव्हता. इंग्रजांना रेल्वेच्या रुळाखाली घालायला स्लीपर हवे होते, जहाजांना आणि इमारतींना साग हवा होता. 1865 साली त्यांनी पहिला वन कायदा केला. तो पुरला नाही म्हणून 1878 साली दुसरा, जास्त कडक केला. या दुसऱ्या कायद्याने जंगलाचे भाग पाडले: हे राखीव, हे संरक्षित, हे गावाचं. गावाच्या वाट्याला काय आलं ते आपल्याला माहीतच आहे. आपल्या ठाणे-कुलाब्याकडे राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधनं आली, तेव्हा लोकांची एवढी ओरड झाली की 1885 साली सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. मग 1927 चा कायदा आला. त्यात कलम 69 आहे. जंगलातला माल कोणाचा असा वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत तो सरकारचा धरायचा. म्हणजे डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या बाईने ती आपली आहे हे सिद्ध करायचं. ती सरकारची आहे हे सरकारने सिद्ध करायचं नाही.

ज्याच्या हातात लेखणी त्याचा कायदा, असा तो मामला होता. आधी जो आपला हक्क होता, त्याला ते सवलत म्हणायला लागले. सवलत काढून घेतली, की उरला गुन्हा. हक्क, सवलत, गुन्हा, अशा तीन पायऱ्यांनी आपल्याला आपल्याच जंगलातून खाली उतरवलं. इंग्रज 1947 साली गेले, 1927 चा कायदा राहिला.

हे सगळं ऐकल्यावर शिबिरातला एखादा तरुण हमखास उठतो आणि विचारतो, "मग कायदा हवाच कशाला? कायदा म्हणजे मोठ्या लोकांचा दांडका. आपल्याला आपली रीत आहे, आपली नीती आहे. तेवढं पुरे." हा प्रश्नही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर द्यायला हवं.

आपल्या पाड्यात वाटण्या कशा चालतात ते बघा. ज्याच्या वाट्याचं मोहाचं झाड, त्याची फुलं दुसरा वेचत नाही. त्यासाठी कोणी पहारा ठेवत नाही. नवीन भाजी, नवीन धान्य देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. कोंब वाढायला तेवढे दिवस मिळतात. विहिरीवर, चराईवर, लग्नातल्या देण्याघेण्यावर आपले नेम आहेत. ते कुठे लिहिलेले नाहीत. मग ते चालतात कशावर? लाजेवर. पन्नास घरांच्या पाड्यात प्रत्येकाचं प्रत्येकाला दिसतं. नेम मोडला तर उद्या त्याच विहिरीवर त्याच माणसांसमोर उभं राहावं लागतं. जिथे एवढी लाज आहे तिथे कागदाचं काम पडत नाही.

पण सावकाराला आपल्या विहिरीवर यायचं नव्हतं. लाकडाच्या ठेकेदाराला आपल्या पोरीशी पोराचं लग्न करायचं नव्हतं. त्यांना आपली लाज कशाला वाटेल? ते आपल्या नीतीच्या बाहेरचे. एखादी कंपनी शंभर कोसांवरच्या ऑफिसात बसून डोंगरावर रेघ ओढते, तेव्हा तिला आपल्या गावदेवाची भीती नसते. अशा वेळी नीती खरी असली तरी एकटी पडते. विनवणी करते, पाया पडते, आणि रिकाम्या हाताने परत येते.

जिथे लाज पोचत नाही, तिथे कायदा लागतो. ओळखीपाळखीचं नातं नसलेल्या माणसालाही बांधेल असा नेम, आधी सांगितलेला, लिहिलेला, लहानमोठ्या सगळ्यांना एकच. कायद्याची गरज आहे ती यासाठी. आणि ती सगळ्यात जास्त गरज कोणाला? ज्याच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, ओळख आहे, त्याचं कायद्यावाचूनही भागतं. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्यालाच कायदा लागतो.

याचा दाखला आपल्याच मुलखातला. वेठबिगारी ही काही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती रीत होती. जमीनदाराने बोलावलं की जायचं. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं त्याचे गडी. त्याला लग्नगडी म्हणत. आपल्या कितीतरी आज्यांनी आणि आजोबांनी त्यात हाडं झिजवली. सावकार म्हणायचा, "पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय." म्हणजे वाईट रीतही जुनी असते, आणि तीही स्वतःला नीती म्हणवते. 1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर वारली उभे राहिले आणि त्यांनी वेठ नाकारली. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. वेठ मोडली ती लोकांनी. नंतर 1950 साली संविधान आलं आणि त्याच्या कलम 23 ने वेठीला बंदी केली. 1976 साली वेठबिगार मुक्तीचा कायदा झाला, त्याने जुनी कर्जंही रद्द धरली. लोक आधी उठले, कायदा मागून आला. पण तो आला नसता, तर प्रत्येक गावाला प्रत्येक पिढीत तीच लढाई पुन्हा पहिल्यापासून लढावी लागली असती. लढून मिळवलेलं जपून ठेवायला कायदा लागतो, जसं धान्य ठेवायला कणगी लागते.

जमिनीचंही तसंच. सावकाराच्या कागदावर आपल्या आजोबाचा अंगठा आहे, म्हणजे जमीन राजीखुशीने विकली, असं जुना कायदा मानायचा. दारू पाजून घेतलेला अंगठा आणि शुद्धीत दिलेला अंगठा कागदावर सारखाच दिसतो. पुढे कायद्यात सुधारणा झाली आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जाऊ नये असं ठरलं. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचाही कायदा झाला. सगळ्यांना मिळाल्या का? नाही. पण दुबळ्याचा अंगठा आणि बळकटाची सही सारखी तोलायची नाही, एवढं तरी कायदा शिकला. हे शहाणपण त्याला नीतीने शिकवलं, आणि नीतीला ते मोर्चाने मांडावं लागलं.

आता उलटा दाखलाही बघा. कायदा चांगला आहे, पण समाजाची नीती त्याच्या मागे नाही, तेव्हा काय होतं? 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळाने ठराव केला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही आपलं चवदार तळं खुलं केलं. कागद तयार झाला. पण पाणी काही पिता येईना. शेवटी 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्या लोकांना मारहाण झाली. ठराव होता तरी झाली. कागदावरचा कायदा पायी चालत नेऊन तळ्यापर्यंत पोचवावा लागतो, तो असा.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. नीती नसलेला कायदा म्हणजे नुसता दांडका. कायदा नसलेली नीती म्हणजे नुसती विनवणी. दोन्ही एकत्र असतील तरच न्याय. आणि एकत्र आपोआप येत नाहीत, माणसांना आणावे लागतात.

वनहक्क कायदा असाच आला. 3 मे 2002 ला दिल्लीच्या वन मंत्रालयाचं पत्र निघालं, की जंगलातली सगळी अतिक्रमणं 30 सप्टेंबरपर्यंत हटवा. तेही कायद्याच्याच भाषेत होतं. देशभर झोपड्या मोडल्या, उभी पिकं नासवली. त्यातून देशभरचे आदिवासी एकत्र आले, मोर्चे निघाले, धरणी झाली, आणि 2006 च्या डिसेंबरात संसदेने कायदा मंजूर केला. त्या कायद्याची सुरुवात नीट वाचा, नाहीतर वाचून घ्या. त्यात सरकारने स्वतःच लिहिलं आहे, की जंगलात राहणाऱ्यांचे हक्क आधी नोंदवले गेले नाहीत आणि त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला. कायद्याने कायद्याची चूक कबूल करावी, असं सहसा होत नाही.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आजी, कागद तेव्हा खोटं बोलत होता. तुझ्या नवऱ्याने जमीन खणली हे खरं लिहिलं होतं, पण तो चोर आहे हे खोटं लिहिलं होतं. आता त्यातलं खरं तेवढं ठेवलं आणि खोटं तेवढं काढलं. बैल मात्र परत मिळणार नाही, आणि कोठडीतले चार दिवसही नाहीत. त्याची भरपाई या कायद्यातही नाही, हे आम्ही तुला लपवून ठेवणार नाही.

आता त्या दिवशीची दुसरी गोष्ट.

दुपारी एका तरुणाचा दावा आला. संघटनेच्या घरातला पोरगा, मोर्चात पुढे असणारा. दाव्यात लिहिलं होतं, की जमीन पंधरा वर्षांपासून कसतो. सगळ्या पाड्याला माहीत होतं, की ती वरकस पाड्याच्या चराईतली आहे आणि त्याने ती 2007 च्या पावसाळ्याच्या तोंडावर फोडली आहे. तारखेच्या नंतर. त्याच्याकडे पावती नव्हती, कागद नव्हता. कायद्याच्या नियमाप्रमाणे कागद नसला तरी दावा करणाऱ्याशिवाय दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरतात. म्हणून त्याने सकाळच्याच म्हातारीला धरलं. ती त्याच्या बापाची मावशी. "आजी, तुझा अंगठा दे. एवढंच सांग, की माझा बाप तिथे कसत होता."

समितीतले दोघेचौघे म्हणाले, "दे अंगठा. आपलाच पोर आहे, भूमिहीन आहे. सरकारची जमीन, सरकारचं काय जातं?" आणि तो पोरगा जे बोलला ते खोडून काढणं सोपं नाही. तो म्हणाला, "सरकारने आपल्याशी सव्वाशे वर्षं खोटेपणा केला. आपण एकदा खोटं बोललो तर काय बिघडलं? 13 डिसेंबर 2005 ही तारीख काय देवाने दिली? 12 तारखेला खणलं तर हक्क, 14 ला खणलं तर गुन्हा, ही कुठली नीती?"

म्हातारीने अंगठा दिला नाही. ती म्हणाली, "तुझ्या आज्याने जंगल खणलं तेव्हा गार्ड आला. आज्याने सांगितलं, हो, मी खणलं, पोटासाठी खणलं. तो दंड भरला, पण नाही खणलं असं बोलला नाही. मी आता खोटं बोलले तर त्याचा कागदही खोटा होईल."

त्यावरून पाड्यात भांडण लागलं आहे. संघटनेने पोराची बाजू सोडली, असं काही जण म्हणतात. म्हणून आमची भूमिका आम्ही इथे सरळ लिहितो.

तारीख कडक आहे, हे त्याचं म्हणणं खरं आहे. नेमाला कुठेतरी रेघ ओढावी लागते आणि रेघेच्या काठावरचा माणूस नेहमी भरडतो. रेघच ओढली नाही, तर उद्या ठेकेदाराचा माणूस पाच मजूर लावून रातोरात जंगल साफ करील आणि तोही दावा टाकील. तारीख आपल्याला टोचते, पण तीच तारीख त्याला अडवते. तिच्यामुळे कोणावर अन्याय होत असेल तर ती बदलून मागायची, मोर्चा काढून, उघड. खोट्या जबाबाने तारीख बदलत नाही. फक्त आपला जबाब खोटा होतो.

दुसरं असं, की आदिवासी म्हातारीचा शब्द पुरावा म्हणून लिहून घ्या असं या कायद्याने सांगितलं. आजवर साहेबाचा कागद खरा आणि आपलं तोंड खोटं, असाच हिशोब होता. आता आपल्या तोंडाला किंमत आली. एक खोटा जबाब पकडला गेला, की वरच्या समितीतला साहेब त्या पाड्यातले साठच्या साठ दावे बाजूला ठेवायला मोकळा. "यांचं सगळंच असं," म्हणायला त्याला एवढं निमित्त पुरतं. ज्यांच्याकडे पावती नाही, कागद नाही, फक्त शब्द आहे, त्यांचं नुकसान सगळ्यात आधी होईल. म्हणजे आपल्यातल्याच सगळ्यात गरिबांचं.

तिसरं आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. ती जमीन आता "सरकारची" राहिलेली नाही. या कायद्याने सामूहिक वनहक्क दिला आहे, जंगल राखायचा आणि त्याची व्यवस्था बघायचा अधिकार गावाला दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. त्यांना तो पेलला, कारण कायदा यायच्या कितीतरी आधीपासून ते सगळ्यांच्या सहमतीने गावाचे नेम ठरवत होते आणि पाळत होते. आपणही सामूहिक दावा टाकला आहे. त्या नकाशात ती चराई आहे. तेव्हा पोराने घेतलं ते फॉरेस्टचं नाही, पाड्यातल्या गुरांचं घेतलं. ज्यांच्याकडे चार शेळ्यांपलीकडे काही नाही, त्या दोन विधवा बायांचं घेतलं. राज्य दुसऱ्याचं होतं तेव्हा कायदा मोडणं हे आपलं लढणं होतं. आता गावाचा कायदा गावाने करायचा आहे. तो आपणच मोडला तर आपण कोणाविरुद्ध लढलो म्हणायचं?

कोणी म्हणेल, संघटनेनेही कायदे मोडलेच की. हो, मोडले, आणि वेळ आली तर पुन्हा मोडू. 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. लोक दिवसाढवळ्या कोयते घेऊन जंगलात गेले. गोळीबारात आठ सत्याग्रही मेले, त्यांत नाग्या महादू कातकरीही होता. त्यांनी कायदा मोडला, पण लपून नाही. सगळ्यांसमोर मोडला, सगळ्यांसाठी मोडला, आणि शिक्षा घ्यायची तयारी ठेवून मोडला. चोर आणि सत्याग्रही दोघंही कायदा मोडतात. चोर एकट्यासाठी, अंधारात मोडतो आणि पकडला की नाही म्हणतो. अन्यायाचा कायदा मोडायचा तर "हो, मी खणलं," असं म्हाताऱ्यासारखं सांगता आलं पाहिजे. तसं सांगता येत नसेल, तर आपण काय करतोय ते एकदा मनाला विचारावं.

त्या पोराला आम्ही टाकलेलं नाही. फॉरेस्टकडे त्याची तक्रार कोणी करायची नाही, हे ग्रामसभेत ठरलं. उभं पीक त्याने काढावं आणि पुढच्या पावसाळ्यापासून वरकस चराईला सोडावी, हेही ठरलं. त्याच्या आजोबाची जमीन गावाखालच्या सपाटीला होती, ती कशी गेली त्याचा फेरफार तलाठ्याकडून काढायला संघटनेचे दोन माणसं जाणार आहेत. जमीन मिळेलच असं वचन आम्ही देत नाही. पण त्याची भूक खरी आहे. ती खोट्या जबाबात लपवण्यापेक्षा उघड्यावर मांडणं, हे आमचं काम आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही, कारण ती आपल्या घरातली आहे. आपण म्हणतो, कायदा वाईट आणि आपली रीत चांगली. नेहमीच तसं असतं का? वनहक्क कायदा म्हणतो, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघेल, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या नावाने. पण दाव्यांचे फॉर्म बघितले, तर कितीतरी ठिकाणी बायकोच्या नावाची जागा कोरी आहे. विचारलं तर उत्तर येतं, "आपल्यात तशी रीत नाही." राबाची राख अंगावर घेत, चिखलात वाकून नागली लावते ती बाईच. इथे कायदा आपल्या रीतीच्या पुढे आहे आणि आपण मागे आहोत. एखादीला भुताळी ठरवून मारतात, गावाबाहेर काढतात, तेव्हाही भगत "रीत" म्हणूनच सांगतो. आणि तिच्या वाट्याची जमीन नंतर कोणाच्या घरात जाते, ते बघितलं की त्या रीतीचं पोट कळतं. बाईला मारणं हा गुन्हा आहे, आणि तिथे संघटना कायद्याच्या बाजूला उभी राहील, गाव विरोधात गेलं तरी.

म्हणून कायदा आला की त्याला विचारायचं, तू कोणाच्या बाजूचा? आणि रीत पुढे आली की तिलाही तेच विचारायचं. दुबळ्याला उभं करत असेल तर पाळायचा, तुडवत असेल तर उघड लढून बदलायचा. कायद्यालाही आणि रीतीलाही एकच माप.

आता काम. येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने हे करावं:

एक, सगळ्या दाव्यांची यादी मोठ्याने वाचून दाखवा, बाया हजर असताना. कोणाला हरकत असेल तर तिथेच बोलू द्या. मागून कुजबुज नको.

दोन, जिथे बायकोचं नाव नाही तो फॉर्म परत करा. नाव घालूनच पुढे पाठवा.

तीन, जुन्या दंडाच्या पावत्या, कोर्टाचे कागद जपा. उंदीर, वाळवी लागू देऊ नका. झेरॉक्स काढून घ्या, मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नका. दिलाच तर पोच घ्या.

चार, दावा नामंजूर झाला असं कोणी तोंडी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. लेखी मागा, कारण मागा. साहेबाचं तोंडी बोलणं म्हणजे कायदा नाही. त्याविरुद्ध 60 दिवसांच्या आत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. दिवस मोजून ठेवा.

पाच, दाव्यांची तपासणी पुरी होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून उठवता येत नाही. कायद्याचं कलम 4, पोटकलम 5. हे पाठ करा. गार्ड आला तर हात उचलू नका, हे कलम सांगा, आणि पाड्याला हाक द्या.

सहा, खोटा जबाब देऊ नका आणि मागू नका. कोणाची अडचण असेल तर ती संघटनेच्या बैठकीत आणा.

हा अंक ज्याला वाचता येतो त्याने पाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवावा. पटलं नाही तर तसं कळवावं. आमची चूक असेल तर पुढच्या अंकात आम्ही ती लिहू.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!
संघटना जिंदाबाद!